मुकुटावर मिस, कार्डावर मिस्टर

पट्टायाला जाऊन आलेल्या प्रत्येकाच्या अल्बममध्ये 'तो' एक फोटो असतोच. शो संपल्यावर, पिसांचा मुकुट घातलेल्या सुंदरीच्या शेजारी उभं राहून काढलेला. त्या सुंदरीचं पुढे काय होतं, हे कुणी विचारत नाही. मानववंशशास्त्राच्या अभ्यासकांनी मात्र ते विचारलंय, आणि त्यांना सापडलेली उत्तरं आपल्या ट्रिपच्या किश्शांपेक्षा बरीच हटके आहेत...

माझ्याकडेही तो फोटो आहे.

फ्रीलान्सिंगच्या उद्योगात पडण्याआधी मी एका ऑफिसात नऊ ते सहा (म्हणजे प्रत्यक्षात नऊ ते नऊ) करत होते. त्या वर्षी टीमचं टार्गेट पूर्ण झालं आणि बक्षीस म्हणून सगळ्यांना चार दिवसांची बँकॉक-पट्टाया ट्रिप मिळाली. कोरल आयलंड झालं, जेम्स गॅलरी झाली, टूरवाल्यांचं इंडियन जेवण झालं. तिसऱ्या रात्री कॅबरे शो. बसमध्येच आमच्या एका सिनियरनं माइक हातात घेऊन जाहीर केलं, "लक्षात ठेवा, स्टेजवरच्या सगळ्या 'त्या' आहेत. ओळखून दाखवायचं!" मग काय, तासभर आम्ही तोच खेळ खेळलो. हिचे हात बघ, तिचा गळा बघ, हिचा आवाज ऐकायला मिळायला हवा होता यार. गाणी कोणती होती, हे आज विचाराल तर मला सांगता येणार नाही.

शो संपल्यावर सगळ्या कलाकार बाहेरच्या अंगणात येऊन उभ्या राहतात. नोट काढा, फोटो काढा. माझ्या शेजारी आली ती माझ्यापेक्षा वीतभर उंच होती. कॅमेरा क्लिक होण्याआधी तिनं दोन बोटांनी माझी हनुवटी किंचित वर उचलली, माझा पुढे झुकलेला खांदा हलकेच मागे ढकलला आणि मग स्वतः पोझ घेतली. सेकंदभराचं काम. मागून कुणीतरी ओरडलं, "अगं, तिच्यापुढे तूच पुरुष वाटतेयस!" सगळे खिदळले. मीही हसले. तीही हसत होती, पण तिचं हसू आधीपासूनच चेहऱ्यावर होतं, त्यामुळे तिला काय कळलं आणि काय नाही, याचा पत्ता लागला नाही.

तो फोटो मी बरीच वर्षं 'फन्नी' या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवला होता. अलीकडे एका स्टोरीसाठी वाचन करताना थाई समाजावरची अ‍ॅन्थ्रोपॉलॉजीची पुस्तकं हाताशी आली आणि त्या फोल्डरचं नाव मला बदलावं लागलं.

'फेत' म्हणजे वेश

सुरुवात शब्दांपासून करू, कारण गंमत तिथेच आहे. टुरिस्ट ज्यांना 'लेडीबॉय' म्हणतात, त्यांच्यासाठी थाई भाषेत जुना शब्द आहे 'काथोय'. पूर्वी हा शब्द बराच ऐसपैस होता. बायकी वागणारा पुरुष, पुरुषी वागणारी बाई, जन्मतः दोन्ही लक्षणं असलेली व्यक्ती, सगळे त्यात बसायचे. आज तो जवळजवळ फक्त पुरुष म्हणून जन्मून स्त्री म्हणून जगणाऱ्यांसाठी वापरला जातो. कुणी प्रेमानं वापरतं, कुणी शिवीसारखा. स्वतःविषयी बोलताना अनेक जणी जास्त सभ्य शब्द वापरतात, 'साव प्रफेत साँग', म्हणजे दुसऱ्या प्रकारची स्त्री. त्यातला 'प्रफेत' म्हणजे आपला संस्कृत 'प्रभेद'.

आणि लिंग? त्यासाठी थाई शब्द आहे 'फेत'. हा आला संस्कृत 'वेश'वरून. म्हणजे बघा, शरीर, त्यावरून ठरणारी समाजातली भूमिका आणि कोण कुणाकडे आकर्षित होतं, या तीन गोष्टींना इंग्रजीत तीन वेगळे शब्द आहेत. थाईत तिन्हींना मिळून एकच शब्द पुरतो, आणि तो मूळचा कपड्यांचा! पीटर जॅक्सन या ऑस्ट्रेलियन अभ्यासकानं तर आयुष्याचा मोठा भाग या एका शब्दाभोवती घालवला. त्याचं म्हणणं साधं आहे. तुमच्या-आमच्या चर्चेतले 'गे', 'ट्रान्सजेंडर' हे खण घेऊन थायलंडमध्ये गेलात तर माणसं त्यात बसणार नाहीत. तिथला हिशेबच वेगळ्या वहीत मांडलाय. याच जॅक्सननं एका थाई मासिकातल्या सल्ला-सदराला आलेल्या वाचकांच्या पत्रांवर अख्खं पुस्तक लिहिलं (१९९५). 'ताईचा सल्ला' टाइप कॉलमला आम्ही पत्रकार नाकं मुरडतो, इथे त्याच्यावर रिसर्च झाला!

उत्तर थायलंडच्या लान्ना भागात सृष्टीच्या उत्पत्तीची जुनी कथा सांगतात. त्यात सुरुवातीला माणसं दोन नव्हती, तीन होती. पुरुष, स्त्री आणि 'नपुंसक'. हो, शब्द तोच. आपण तो शाळेत व्याकरणाच्या तासाला शिकलो आणि नंतर वाईट अर्थानंच वापरला. तिथे तो जगाच्या पहिल्या तिघांपैकी एकाचं नाव आहे.

पण लगेच 'वा, काय उदार संस्कृती!' असं म्हणून पान उलटू नका. बौद्ध कर्मविचारात काथोय असण्याचं जे स्पष्टीकरण अनेकदा दिलं जातं, ते असं: मागच्या जन्मी व्यभिचार केला असेल, त्याचं हे फळ. यातून दया येते, छळ कमी होतो, हे खरं. पण दया म्हणजे बरोबरी नव्हे. जॅक्सननं १९९९ च्या एका लेखात थाई समाजाचं वर्णन तीन-चार शब्दांत केलंय, ज्याचा मथितार्थ असा की ते सहन करतात, स्वीकारत नाहीत. भाडेकरूबद्दल घरमालक जसं बोलतो ना, तसंच काहीसं.

आणखी एक खुलासा. काथोय म्हणजे 'त्यांच्याकडचे हिजडे' हे समीकरण आपल्या तोंडात पटकन येतं. ते चुकीचं आहे. आपल्याकडे गुरू-चेला आहे, घराणी आहेत, दीक्षा आहे, बधाई आहे. काथोयांमध्ये तसलं काही नाही. ती घरातच वाढते, शाळेत जाते, शेजारच्या सलूनमध्ये काम करते, आईला पैसे पाठवते. सिसाकेत प्रांतातल्या एका माध्यमिक शाळेनं २००८ मध्ये अशा विद्यार्थ्यांसाठी मुलगे आणि मुली यांच्याखेरीज तिसरं स्वच्छतागृह उघडलं होतं. दारावर अर्धा पुरुष, अर्धी बाई असं चित्र. गावातली साधी शाळा होती ती, एनजीओचा प्रोजेक्ट वगैरे नाही.

कासोट्यापासून स्कर्टपर्यंत

आता सौंदर्यस्पर्धा यात कुठून आल्या? त्यासाठी थोडं मागे जाऊ, आणि प्रॉमिस, इतिहासाचा तास होणार नाही.

एकोणिसाव्या शतकात सियाममध्ये आलेले युरोपीय प्रवासी एका गोष्टीनं हैराण व्हायचे. त्यांना बाई कोण आणि पुरुष कोण हेच कळायचं नाही. दोघांचे केस आखूड कापलेले, आणि कमरेला दोघांनीही नेसलेलं 'चाँग क्राबेन'. हे म्हणजे लांब वस्त्र पायांमधून मागे नेऊन खोचायचं. आपल्या आजीच्या नऊवारीचा किंवा आजोबांच्या धोतराचा कासोटा डोळ्यांसमोर आणा, बरोबर तेच. सियामच्या लोकांना त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. गोऱ्या साहेबाला मात्र हा रानटीपणा वाटायचा. शेजारचे सगळे देश वसाहती होत असताना सियामच्या राज्यकर्त्यांना साहेबाच्या नजरेत 'सुसंस्कृत' दिसणं भाग होतं. नाहीतर सुधारणेच्या नावाखाली कुणीतरी येऊन बसलं असतं.

१९३२ मध्ये क्रांती होऊन राजाची अनियंत्रित सत्ता गेली, राज्यघटना आली. आणि १९३४ च्या १० डिसेंबरला, घटनेच्या वाढदिवसाच्या जत्रेत, पहिली 'मिस सियाम' निवडली गेली. कान्या थियानसावांग तिचं नाव. म्हणजे थायलंडमधली सौंदर्यस्पर्धा ना साबणाच्या कंपनीनं सुरू केली, ना मासिकानं. ती सरकारी कार्यक्रमातून आली! नवं राष्ट्र कसं दिसतं, हे दाखवण्यासाठी एक सुंदर मुलगी हवी होती.

पुढे फील्ड मार्शल फिबून सोंगख्राम पंतप्रधान झाला आणि त्यानं तर कमालच केली. १९३९ मध्ये सियामचं थायलंड झालं, आणि १९३९ ते १९४२ या काळात एकापाठोपाठ एक बारा सांस्कृतिक फर्मानं निघाली. त्यांच्या जोडीला प्रचाराचा धडाका. बायकांनी स्कर्ट घालावा, हॅट घालावी, हातमोजे घालावेत. केस वाढवावेत. पुरुषांनी पँट घालावी. पान खाऊ नये. नावावरून बाई की पुरुष ते कळलं पाहिजे. ऑफिसला निघताना नवऱ्यानं बायकोचा मुका घ्यावा, इथपर्यंत मजल गेली. (कल्पना करा, साडेआठची लोकल पकडायचीय आणि सरकारी आदेश पाळायचाय!)

जॅक्सनचा सगळ्यात इंटरेस्टिंग मुद्दा इथे येतो. त्याच्या मते आजची काथोय ही हजार वर्षांची 'प्राचीन परंपरा' नाही. ती बऱ्याच अंशी या फर्मानांची लेक आहे. सगळे एकसारखा कासोटा घालत होते, तेव्हा वेश बदलून 'पलीकडे' जाण्याला फारसा अर्थच नव्हता. सरकारनं बाई आणि पुरुष यांच्यामध्ये लिपस्टिकची, स्कर्टची, हाय हिल्सची जाडजूड रेघ मारली. रेघ मारली की ती ओलांडणारा दिसू लागतो. आणि बाई असणं म्हणजे नटणं, हे सरकारनंच शिकवलं असल्यानं रेघ ओलांडणारीनं तेच सगळ्यात मन लावून केलं.

मला हे वाचून गंमत वाटली, आणि थोडी धास्तीही. परंपरा, परंपरा म्हणून आपण ज्याला कवटाळतो, त्यातलं किती आजोबांच्या वेळच्या एखाद्या सरकारी जीआरमधून आलं असेल?

देवळाच्या जत्रेतून टीव्हीवर

थाई माणसाचं सौंदर्यस्पर्धांचं वेड आपल्या कल्पनेपलीकडचं आहे. १९६५ मध्ये आपासरा होंगसाकुला मिस युनिव्हर्स झाली, १९८८ मध्ये पोर्नतिप नाखिरुनकानोक. दोघींचीही नावं तिथे घराघरात माहीत आहेत. १९९२ ची मिस युनिव्हर्स स्पर्धा तर बँकॉकलाच झाली. ही आपल्याला आठवायलाच हवी, कारण आपली मधू सप्रे तिथे शेवटच्या तिघींमध्ये पोचली होती. देशाची प्रमुख झालीस तर पहिलं काय करशील, या प्रश्नावर तिनं खेळाच्या सुविधांचं उत्तर दिलं आणि मुकुट नामिबियाला गेला. त्या उत्तरावर मराठी घरांतून नंतर कितीतरी वर्षं परिसंवाद झडले. माझी आई अजूनही म्हणते, "त्यात चूक काय होतं गं?"

ते असो. थायलंडमध्ये मिस युनिव्हर्सच्या खूप खालच्या पायरीवर गल्लोगल्ली स्पर्धा असतात. सोंगक्रान म्हणजे त्यांचं एप्रिलमधलं नववर्ष, लॉय क्राथोंग हा दिव्यांचा सण, देवळांच्या जत्रा... स्टेज बांधलं की एक सुंदरी निवडायचीच. आणि अशा जत्रांमधून काथोयांच्या स्पर्धाही होत आल्या आहेत. पाळणा, खाऊच्या गाड्या, भिक्खूंचं दान आणि पलीकडे फ्लडलाइटमध्ये गाऊन घातलेल्या पंधरा-वीस जणी. आजीबाई नातवंडांना घेऊन पुढच्या रांगेत बसलेल्या. यात 'अडल्ट' असं काही नसतं. लोक खदखदून हसतातही आणि कुणाचा गाऊन चांगला शिवलाय यावर सीरियसली वादही घालतात.

पट्टायात १९७४ मध्ये टिफनीज शो सुरू झाला. त्याच मंडळींची 'मिस टिफनीज युनिव्हर्स' ही स्पर्धा १९९८ पासून दणक्यात भरू लागली आणि टीव्हीवरून थेट देशभरातल्या दिवाणखान्यांत पोचली. स्विमसूट, इव्हिनिंग गाऊन, प्रश्नोत्तरं, अश्रू, मुकुट, सगळं साग्रसंगीत. बक्षिसात रोख रक्कम आणि कार. २००४ पासून तिथेच 'मिस इंटरनॅशनल क्वीन' ही जगभरच्या ट्रान्स स्त्रियांची स्पर्धा सुरू झाली. पहिलीच विजेती थायलंडची त्रीचादा पेतचारात, म्हणजे सगळ्यांची लाडकी 'नाँग पॉय'. तिनं त्याच वर्षी दोन्ही मुकुट पटकावले आणि पुढे सिनेमात गेली. नंतर इथला मुकुट अमेरिका, मेक्सिको, जपान, कोरिया, फिलिपिन्स, ब्राझील असा फिरत राहिला. भारतातून २०१८ मध्ये कोलकात्याची निताशा बिस्वास गेली होती. आदल्या वर्षी ती 'मिस ट्रान्सक्वीन इंडिया' झाली होती.

आता आपल्या डोक्यात येणारा प्रश्न. हे सगळं बाईला शोभेची बाहुली करणारं प्रकरण नाही का? फेमिनिझमचा एखादा पेपर दिलेला असला (मी दिलाय, मार्क विचारू नका) की पहिल्यांदा तेच मनात येतं. पेनी व्हॅन एस्टेरिक या कॅनडातल्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी थायलंडमध्ये अनेक वर्षं काम केलं. त्यांचं २००० मध्ये आलेलं पुस्तक वाचताना तो प्रश्न जरा वेगळा दिसू लागतो. त्या म्हणतात, आपल्याला वरवरचं ते खोटं आणि आतलं ते खरं असं मानायची सवय आहे. थाई समाजात 'वरचं' एवढं हलकं नसतं. तिथे 'कालतेस' नावाची कल्पना आहे. नीट ऐका, 'काल' आणि 'देश'. कुठल्या वेळी, कुठल्या जागी कसं दिसावं, कसं बसावं, कसं बोलावं याचं भान. ते ज्याला असतं तो चांगला माणूस. नीटनेटकं, सौम्य, आटोपशीर दिसणं हा शिष्टाचार तर आहेच, पण तो नीतीचाही भाग आहे. आणि सुंदर रूप हे पूर्वपुण्याचं फळ.

आता गणित मांडा. काथोय म्हणून जन्मणं हे मागच्या जन्मीच्या पापाचं फळ. सुंदर असणं हे मागच्या जन्मीच्या पुण्याचं फळ. जी काथोय आहे आणि झळझळीत सुंदरही आहे, तिचं काय करायचं? तिनं निम्मं कर्ज तिथल्या तिथे फेडलं की! हे गणित पुस्तकातलं नाही, माझं आहे. पण त्या स्टेजवर हनुवटी एवढी ताठ का ठेवतात, हे मला त्यातून थोडं कळलं.

चियांग माय विद्यापीठात 'रोझपेपर' नावाचा काथोय विद्यार्थिनींचा क्लब होता. लीरे कोस्टा आणि अँड्र्यू मॅट्झनर या अभ्यासकांनी तिथल्या मुलींना सांगितलं, आम्ही तुमच्यावर लिहिण्यापेक्षा तुम्हीच तुमची गोष्ट लिहा. ती लिखाणं २००७ मध्ये पुस्तकरूपात आली. मला रिसर्चमधली ही युक्ती सगळ्यात आवडली. त्या गोष्टींमध्ये कॅबरे नाही. आहे ते अगदी आपल्या ओळखीचं. वडील बोलत नाहीत, आईला सगळं ठाऊक असून ती काही म्हणत नाही, अभ्यासात पहिलं यायचंच, कारण नाहीतर लोक म्हणतील बघा, हे असले. 'चांगली मुलगी' होण्याचा ध्यास तर पानापानावर.

ड्रेडज कांग या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं त्याच्या पुढची पिढी पाहिली. तिला टिफनीपेक्षा कोरियन पॉप जास्त जवळचं. मॉलमधल्या स्टेजवर कोरियन गर्ल-बँडच्या स्टेप्स हुबेहूब करणाऱ्या ग्रुप्सचा त्यानं अभ्यास केला. आदर्श चेहरा आता हॉलीवूडचा राहिला नाही, सोलचा झाला. गोरा, नाजूक, महागडा. सावळ्या ईशान्य थायलंडमधून आलेल्या मुलीला तिथवर पोचायला किती खर्च येत असेल, ते फेअरनेस क्रीमच्या देशात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

एप्रिलमधली दुसरी स्पर्धा

दर वर्षी एप्रिल महिन्यात थायलंडमध्ये आणखी एक 'शो' असतो. त्याला तिकीट नाही.

एकवीस वर्षांच्या प्रत्येक पुरुषाला लष्करभरतीच्या केंद्रावर हजर व्हावं लागतं. स्वतःहून भरती होणारे पुरेसे नसले तर चिठ्ठ्या काढतात. लाल चिठ्ठी आली की फौजेत, काळी आली की सुटका. आणि कागदोपत्री 'पुरुष' म्हणून काथोयांनाही या रांगेत उभं राहावं लागतं. लांब केस, पांढरा शर्ट, नीट मेकअप, सभोवती शेकडो पोरं. वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर खास त्यांच्यासाठी येतात. सौंदर्यस्पर्धेतली एखादी विजेती रांगेत असली की विचारूच नका. दुसऱ्या दिवशी तिचा फोटो सगळीकडे, खाली गमतीदार कॅप्शन.

डॉक्टरांनी तपासून त्यांना सूट मिळते. पण अनेक वर्षं त्या सुटीच्या दाखल्यावर कारण काय लिहिलं जायचं, माहितीय? 'कायमस्वरूपी मानसिक विकार'. थायलंडमध्ये पुरुष म्हणून नोकरीला अर्ज केला की बऱ्याच ठिकाणी हा लष्करी दाखला मागतात. म्हणजे इंटरव्ह्यूला बसलेल्या मुलीनं फाइल उघडली की पहिला कागद सांगणार की हा पुरुष आहे, आणि दुसरा सांगणार की वेडा आहे. बँकेत, शाळेत, एअरलाइनमध्ये कोण घेणार? १९९६-९७ मध्ये तर शिक्षकांना तयार करणाऱ्या राजभट संस्थांनी अशा विद्यार्थ्यांना प्रवेशबंदी जाहीर केली होती. आरडाओरडा झाल्यावर ती मागे घेतली.

मग उरतं काय? मेकअप, सलून, कॅबरे आणि स्पर्धा. सुंदर दिसणं हा हौसेचा मामला राहत नाही, तो बायोडेटा होतो. चियांग मायमध्ये कॅबरेतल्या काथोयांवर शोधनिबंध लिहिणाऱ्या प्रेमप्रीदा प्रामोज ना अयुथाया स्वतः ट्रान्स आहेत, पुढे त्या युनेस्कोच्या बँकॉक कार्यालयात काम करू लागल्या. त्यांच्यासारखी माणसं हा विषय आतून मांडू लागली, तेव्हा चर्चेचा सूर बदलला. 'या अशा का असतात' हा प्रश्न मागे पडून 'यांना काम का मिळत नाही' हा पुढे आला.

दाखल्यावरच्या त्या दोन शब्दांविरुद्ध एक जण २००६ मध्ये प्रशासकीय न्यायालयात गेली आणि २०११ मध्ये जिंकली. ते शब्द काढून टाकण्याचा आदेश निघाला. पाच वर्षं लागली, पण निघाला. त्याच वर्षी पीसी एअर नावाच्या नव्या थाई विमान कंपनीनं ट्रान्स हवाई सुंदऱ्या नेमल्या. जगभर बातम्या झाल्या. त्यांत एक माजी मिस टिफनी होतीच! कंपनी फार काळ उडाली नाही, तो भाग वेगळा.

मुकुटाचा असा वापर करणाऱ्या आणखीही आहेत. २००५ ची 'मिस अल्काझार' योलादा सुआनयोत, म्हणजे 'नोक', हिनं शिक्षण पुढे चालू ठेवलं, ट्रान्स स्त्रियांची संघटना उभारली आणि २०१२ मध्ये नान प्रांताच्या परिषदेवर निवडून गेली. २०१९ मध्ये सिनेदिग्दर्शक तानवारिन सुक्खापिसित थेट संसदेत पोचली. आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ॲन जक्राजुताथिप या थाई ट्रान्स उद्योजिकेच्या कंपनीनं चक्क अख्खी मिस युनिव्हर्स संस्थाच दोन कोटी डॉलरला विकत घेतली! पुढच्याच वर्षी तिची कंपनी कर्जाच्या गाळात रुतली, हे खरंय. पण त्याआधी २०१८ मध्ये मिस युनिव्हर्सच्या मुख्य स्टेजवर पहिल्यांदा एक ट्रान्स स्त्री, स्पेनची अँजेला पोन्से, उभी राहिली, तेव्हा ते स्टेजही बँकॉकचंच होतं.

तरीही 'नाय'

थायलंडमध्ये ओळखपत्रावर नावाआधी उपाधी असते. पुरुषासाठी 'नाय', अविवाहित स्त्रीसाठी 'नांग साव'. विवाहित बाईनं कुठली उपाधी लावायची, हे तिचं तिनं ठरवण्याची मुभा २००८ मध्ये कायद्यानं मिळाली. ट्रान्स स्त्रीला मात्र शस्त्रक्रिया करूनही 'नाय'च राहावं लागतं. आणि शस्त्रक्रियेचं म्हणाल तर डॉ. प्रीचा तिएवत्रानोन यांनी १९७५ मध्ये तिथली पहिली लिंगबदल शस्त्रक्रिया केली, आणि पुढे जगभरचे लोक त्यासाठी बँकॉकला जाऊ लागले. परदेशातून आलेली पेशंट ऑपरेशन करून मायदेशी जाते आणि तिथे 'मिस' होते. तिची शुश्रूषा करणारी थाई ट्रान्स सहायक घरी जाते ती 'मिस्टर' म्हणूनच.

इथे आपल्याला कॉलर ताठ करायला थोडी जागा आहे. आपल्या सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये नालसा निकालात व्यक्तीनं स्वतः सांगितलेली लिंगओळख मान्य केली. म्हणजे आपल्याकडे कोर्टाचा कागद आला पण दिवाणखान्यात जागा नाही, त्यांच्याकडे दिवाणखान्यात टीव्हीवर मुकुट आहे पण कागद नाही. कुणाचं बरं, ते मला ठरवता आलेलं नाही.

२३ जानेवारी २०२५ पासून थायलंडमध्ये समलिंगी विवाह कायदेशीर झाला, आग्नेय आशियात पहिल्यांदा. त्या दिवशी बँकॉकच्या एका मॉलमध्ये सामूहिक नोंदणी झाली. गाऊन, फुलं, कॅमेरे. पुरुष आणि ट्रान्स स्त्री अशी जोडपीही त्या कायद्यानं आता नवरा-बायको होऊ शकतात, फक्त कायद्याच्या लेखी ती दोन पुरुषांची जोडी. लिंगओळख मान्य करणारं विधेयक त्याआधी फेब्रुवारी २०२४ मध्ये संसदेसमोर आलं होतं. खासदारांनी ते फेटाळलं.

परवा मी तो जुना फोटो पुन्हा उघडला. आमच्या ग्रुपमधले अर्धे तिच्याकडे बघतायत, ओळखा पाहूचा खेळ अजून चालूच असल्यासारखे. सिनियरचे डोळे मिटलेत. तिची नजर सरळ लेन्समध्ये आहे. तिच्या डाव्या मुठीत आमची दुमडलेली नोट आहे आणि उजवा हात माझ्या पाठीवर, खांदा पुन्हा पुढे येऊ नये म्हणून. माझ्या सगळ्या फोटोंमध्ये पोक न काढलेला तेवढा एकच फोटो आहे.